पीलच्या अलीकडे

यूनिसमावशी मंगळवारी सकाळी गेली आणि आम्ही व्हाइटहॉर्सहून निघालो गुरुवारी दुपारी. मधले दोन दिवस आई शिवत बसली होती.

आमच्यात माणसाला पुरताना त्याच्या पायात नव्या सपाता घालतात. मूस या मोठ्या हरणाच्या कमावलेल्या कातड्याच्या, वर मण्यांची फुलं, कडेला फर. आई आणि मावशी या दोघी बहिणींचं फार वर्षांपूर्वी ठरलं होतं, की जी मागे राहील तिने पुढे जाणारीच्या सपाता शिवायच्या. मावशीचं दुखणं वसंतात कळलं. तेव्हा आई व्हाइटहॉर्सला माझ्याकडे होती, खुब्याच्या ऑपरेशनसाठी. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि तिने स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी खुर्ची टाकून कातडं मांडीवर घेतलं. मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा डावी सपात पुरी झाली होती. उजवीवर एक अर्धं फूल आणि कडेची फर बाकी होती.

मी म्हटलं, "आई, उरलेलं गाडीत कर."

"गाडीत? तुझ्या चालवण्यात सुई डोळ्यात जाईल."

"मग तिकडे पोचल्यावर. बर्था देईल हात." बर्था म्हणजे मावशीची सून.

"बर्थाचे टाके मी बघितलेत," आई म्हणाली. "त्या टाक्यांवर यूनिस दारापर्यंतसुद्धा जायची नाही."

पुढे बोलायची सोय राहिली नाही. पुरायचं होतं शनिवारी दुपारी. व्हाइटहॉर्स ते आमचं गाव फोर्ट मॅकफर्सन, हजारावर किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता खडीचा. शुक्रवारी रात्रीपर्यंत पोचू असं मी धरून चालले होते. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे तिथल्या माझ्या स्वयंपाकाच्या कामालाही सुट्टी होती. टायरही बरे होते. एक पाऊस तेवढा मी धरला नव्हता.

गुरुवारी, डेम्प्स्टर हा खडीचा रस्ता सुरू होतो त्या फाट्यावर, गाडीतच झोपलो. शुक्रवारी सकाळी सहाला खडीला लागलो आणि तासाभरात काचेवर पाणी आलं. आमच्याकडचा पाऊस कोसळत नाही. बारीक, थंड, एकसारखा पडत राहतो, आणि त्या रस्त्याची माती त्याने साबणासारखी होते. डोंगर कमरेपर्यंतच दिसत होते, वर ढग. खुरटी काळी झाडं आणि मध्येच जांभळ्या फुलांचे पट्टे सोडले तर दिवसभर बघायला दुसरं काही नव्हतं. समोरून दोन तासांत एक गाडी यायची आणि काच चिखलाने रंगवून जायची.

आईला यातलं काही नवं नव्हतं. हा रस्ता होण्याच्या आधी, लहानपणी, ती याच डोंगरांतून बापाच्या कुत्र्यांच्या घसरगाडीवरून गेलेली. प्रत्येक ओढा आला की ती सांगायची, इथे बाबांनी लिंक्स, ते मोठं रानमांजर, पकडलं, इथे यूनिस बर्फातून खाली गेली आणि मी तिला वेणीला धरून ओढली. मग म्हणायची, "तेव्हा कुत्री यापेक्षा लवकर पोचायची."

"कुत्र्यांचा टायर फुटत नव्हता ना," मी म्हटलं, आणि बोलायला आणि टायर जायला एकच गाठ पडली.

पावसात गुडघ्यावर बसून चाक बदलताना मी रडकुंडीला आले. नट गंजलेले. आई काच खाली करून सूचना देत होती. "उडी मार पान्यावर. वजन कशाला वाढवलंयस मग?" मी उडी मारली. नट सुटला. पण तिथे पाऊण तास गेला.

दुपारी रस्त्यातल्या एकुलत्या एक हॉटेलवर थांबलो. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "पील नदीला पाणी चढतंय. गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट अजून चालू आहे म्हणतात. जायचं असेल तर बसू नका." आईला बाथरूमला जायचं होतं, आणि वॉकरवरून ते काम झटपट होत नाही. मग तिने सूप मागितलं. दोन दिवस तिने धड खाल्लं नव्हतं, म्हणून मी नको म्हटलं नाही. चाळीस मिनिटं. आम्ही निघालो.

खिंडीत धुकं इतकं, की मी दार उघडून खालची कड बघत गाडी पुढे काढत होते. खिंड म्हणजे दोन प्रांतांची सरहद्द. ती ओलांडली की घड्याळ एक तास पुढे जातं. तो तासही गेला. नदीच्या उतारावर आलो तेव्हा संध्याकाळचे नऊ वाजले होते. उत्तरेकडचा उन्हाळा, त्यामुळे तेव्हाही लख्ख उजेड होता, आणि खाली एक मोठा मालट्रक आणि दोन पिकअप रांगेत उभे होते. फेरी पलीकडच्या काठाला, वर ओढून बांधलेली.

मालट्रकवाला मर्व नावाचा गोरा म्हातारा होता. पुढच्या इनूविक गावातल्या दुकानांसाठी कांदे, केळी, दूध घेऊन चाललेला. तो पावसातच उतरून आमच्या काचेशी आला.

"पाचला बंद केली त्यांनी. मी आलो सव्वापाचला," तो म्हणाला. "पंधरा मिनिटांनी हुकलो. तुम्ही?"

"आम्ही आत्ताच."

"मग तुम्हाला वाईट वाटायचं कारण नाही," तो हसत म्हणाला. मग त्याची नजर आईकडे गेली, आणि तिच्या मांडीवरच्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेल्या पुडक्याकडे. तो हसायचा थांबला. "कोण गेलं?"

"माझी बहीण," आई म्हणाली.

नदी मी जन्मापासून बघत आलेय, पण अशी नाही. कॉफीच्या रंगाचं पाणी, वेगाने आणि आवाज न करता चाललेलं. त्यातून अख्खी झाडं मुळांसकट वाहत येत होती. एखादं मध्येच उभं राहायचं, वळायचं आणि आडवं पडून पुढे जायचं. पलीकडच्या काठावर मासे वाळवायच्या झोपड्यांतून धूर निघत होता. माणसं बोटाएवढी दिसत होती. तिथून आमचं गाव गाडीने दहा मिनिटांवर.

शनिवारी सकाळी मर्वने त्याच्या वायरलेसवरून गावात निरोप दिला. तासाभरात पलीकडच्या काठावर एक निळी गाडी येऊन थांबली. क्लॅरेन्स, मावशीचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

वायरलेसमधून त्याचा आवाज आला. "मावशी, पोचलीस?"

"पोचले म्हणायचं तर म्हण," आई म्हणाली.

"आम्ही आज नाही पुरत. तुझ्यासाठी उद्यापर्यंत थांबतो."

"आणि उद्या पाणी उतरलं नाही तर?"

तो म्हणाला, "खड्ड्यात पाणी येतंय, मावशी. चौघं जण बादल्यांनी उपसतायत. खाली सगळा बर्फ, पाणी मुरायला जागा नाही. बाजूची माती ढासळायला लागलीय. उद्याच्या पुढे नाही जमणार."

"मी कुठे म्हणतेय थांबा म्हणून," आई म्हणाली आणि वायरलेस माझ्या हातात दिला.

तो सगळा दिवस आम्ही गाडीत बसून काढला. वाळवलेला मासा होता, बॅनकचे, म्हणजे तव्यावरच्या जाड रोटीचे, दोन तुकडे होते. मर्वने केळ्यांचा एक घड आणून दिला. "दुकानात पोचेपर्यंत काळीच होणार आहेत," म्हणाला. दर तासाला मी खाली जाऊन पाण्यापाशी काठी रोवायचे आणि तासाने बघायचे, तर काठी पाण्यात गेलेली. आई विचारायची, "उतरलं?" मी म्हणायचे, "नाही." सातव्या की आठव्या वेळी तिने विचारलं, "उतरलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"त्या अर्ध्या फुलासाठी बसली नसतीस ना, तर काल दुपारीच पलीकडे असतो आपण."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या काचेवरून पाणी पुसणाऱ्या काड्यांकडे बघत राहिली. मला ते शब्द परत घ्यायचे होते. पण बोलले ते खोटं नव्हतं, म्हणून माफी कशाची मागायची तेही सुचेना. आम्ही एकमेकींशी न बोलता झोपलो.

रविवारी पाणी आणखी वर आलेलं. एक वाजता चर्चमध्ये प्रार्थना आणि मग दफन. आमच्या गावचा रेडिओ अशा वेळी सगळं ऐकवतो, म्हणजे घरात पडून असलेल्या म्हाताऱ्यांनाही हजर राहता येतं. काठावरूनही तो बरा लागायचा. अकराच्या सुमाराला क्लॅरेन्स पुन्हा पलीकडे आला.

"मावशी, आईला काही सांगायचंय? मी तिच्या कानात सांगेन."

आईने वायरलेस तोंडाजवळ धरला. म्हणाली, "सपाता तयार आहेत रे. इथे माझ्या मांडीवर आहेत. तिचे पाय... तिच्या पायात काय घालणार तुम्ही?"

क्लॅरेन्स म्हणाला, "येतो मी."

मर्व बाजूलाच उभा होता. "कशात येतोस?" तो वायरलेसवर वाकून ओरडला. "त्या पत्र्याच्या होडीत? झाडं बघितलीस का? गाढवा, आईच्या शेजारी झोपायची घाई झालीय का तुला?" मग त्याने वायरलेस आईच्या हातातून काढून माझ्या हातात कोंबला. "तू सांग त्याला. तुझं ऐकेल. येऊ नको म्हणून सांग."

मी बटण दाबलं. आई माझ्याकडे बघत होती, आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा. तिच्या तोंडावर काय होतं ते मी अजूनही नीट सांगू शकत नाही. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. मी बटण सोडलं. काही बोलले नाही.

होडी आणेपर्यंत साडेबारा वाजले. क्लॅरेन्सने ती काठाकाठाने बरीच वर नेली आणि मग तिरकी आत घातली. पहिला अर्धा पल्ला त्याने छान काढला. एक झाड गेलं की थांबायचा, दुसरं यायच्या आत पुढे सरकायचा. आई गाडीतून उतरली होती. वॉकरचे पाय चिखलात रुतलेले, मर्वने तिला मागून धरलेली. मी पुडकं घेऊन पाण्याच्या कडेला उभी होते. क्लॅरेन्सची लाल टोपी दिसायला लागली. आणखी पाच मिनिटं, असं मनात आलं तेवढ्यात इंजिनाचा आवाज बंद झाला.

वरून आलेलं झाड आम्हाला दिसत होतं, म्हणून त्याच्यावरच आमचं लक्ष होतं. होडीला लागलेलं लाकूड पाण्याखालचं होतं. होडी गर्रकन फिरली. तो दोरी ओढतोय, पुन्हा ओढतोय, एवढं दिसलं. मग त्याने वल्हं घेतलं. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. तो आमच्यासमोरून गेला, खूप जवळून. मी दगड मारला असता तर लागला असता. त्याने एकदा मान वर करून आमच्याकडे बघितलं. मग होडी आणि ते दिसलेलं झाड एकत्रच खालच्या वळणाकडे गेली, आणि वळणापलीकडे काही दिसत नाही.

मर्व वायरलेसवर गावाला कळवत होता, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मी काठाने पळत गेले. शंभर पावलांवर विलोंची गच्च झाडी आणि दरड. पुढे जायला वाट नाही. परत आले तेव्हा आई चिखलातच बसलेली होती. पाय लांब करून, लहान मुलासारखी.

"मी त्याला ये म्हटलं नाही," ती म्हणाली.

"नाही, आई."

"नको असंही म्हटलं नाही."

"मीही नाही म्हटलं."

आम्ही दोघांनी तिला उचलून मर्वच्या ट्रकमध्ये बसवलं, कारण तिथे ऊब होती आणि रेडिओ होता. रेडिओवर एक वाजता प्रार्थना सुरू झाली. एझ्रा म्हणून आमचे वयस्कर धर्मसेवक आहेत, त्यांनी आमच्या भाषेत दोन ओळी म्हटल्या आणि थांबले. मग दारं उघडल्याचा आणि बुटांचा आवाज. कोणीतरी म्हणालं, बाप्ये सगळे नदीवर चाललेत. मावशीपाशी फक्त म्हाताऱ्या राहिल्या. त्यांनी एक भजन म्हटलं, मग दुसरं. ती संपली की पहिल्यापासून पुन्हा सुरू. मध्येच रेडिओवर बोलणारी हेझल यायची आणि सांगायची, "ज्यांच्याकडे होड्या आहेत त्यांनी खालच्या धक्क्यावर या. दोर घेऊन या. क्लॅरेन्सच्या अंगात करडं जॅकेट आणि लाल टोपी आहे."

जणू गावात क्लॅरेन्सला ओळखत नाही असं कोणी होतं.

आई प्रार्थना करत होती. मला वाटलं बहिणीसाठी करतेय. कान दिला तर ती बहिणीशीच बोलत होती. "यूनिस, घेऊ नको त्याला. तुला अनवाणी जायला लागलं तर माझ्यावर चीड. त्याला नको घेऊ. मी आल्यावर मला काय मारायचं ते मार."

बाप्ये नदीवर गेले तेव्हापासून दोन तास चाळीस मिनिटं. ट्रकच्या घड्याळातला आकडा बदलताना मी बघत होते. एकदा वाटलं, खाली उतरून सपाता नदीत टाकून द्याव्यात, म्हणजे निदान त्या तरी जातील. पण पुडकं आईने छातीशी धरलं होतं.

पावणेचारला हेझलचा आवाज आला. ती रडत होती, त्यामुळे आधी आम्हाला उलटंच वाटलं. मग कळलं. गावाच्या खाली बेटावर विलोच्या फांद्यांना लटकलेला सापडला. मनगट मोडलंय, गारठलाय, पण शिव्या देतोय. होडी गेली.

मर्वने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. आईने पाणी मागितलं, पण कप धरायला पुडकं सोडेना. मी धरला.

पाच वाजता त्यांनी मावशीला पुरलं. हेझलने ध्वनिक्षेपक थडग्यापाशी नेला होता, त्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज एझ्रांच्या आवाजापेक्षा मोठा येत होता. बादल्यांचाही आवाज येत होता. म्हणजे शेवटपर्यंत पाणी उपसतच होते. आई मालट्रकच्या केबिनमध्ये मान खाली घालून बसली, आणि जिथे सगळ्यांनी म्हणायचं तिथे तीही म्हणत होती.

त्यानंतर बर्था वायरलेसवर आली. "मावशी, आईंच्या पायात जुन्याच घातल्या. टाच विरली होती, ती मी काल रात्री बसून शिवली. बरी झालीय."

आईने डोळे मिटले. "बरं केलंस, पोरी," म्हणाली. "देव तुझे हात चांगले ठेवो."

फेरी मंगळवारी दुपारी सुरू झाली. मर्वने आम्हाला आधी जाऊ दिलं. दफनभूमी टेकडीवर आहे आणि वाटेला नुसता चिखल, तेव्हा मावशीच्या दोघा पुतण्यांनी आईला खुर्चीसकट उचलून वर नेलं. ओल्या मातीचा ढिगारा, वर प्लॅस्टिकची फुलं, लाकडी क्रूस. एझ्रा म्हणाले, "डॉर्कस, हवं तर कडेला थोडं उकरून सपाता ठेवू या. मी प्रार्थना म्हणतो."

"वरवर पुरलेलं कोल्हे उकरून काढतात," आई म्हणाली. "आणि पाय तिकडे खाली आहेत. इथे वर ठेवून काय करू?"

क्लॅरेन्स हात गळ्यात अडकवून उभा होता, हनुवटीवर टाके. वातावरण हलकं करायला म्हणाला, "माझ्या मापाच्या असत्या ना मावशी, तर मीच घातल्या असत्या. एवढ्या महाग सपाता सगळ्या गावात नसतील." दोघंतिघं हसले. आई हसली नाही. तिने त्याचा बरा हात ओढून घेतला आणि आपल्या गालाला लावून धरला. इतका वेळ, की तो अवघडून गेला आणि मग त्यालाच रडू फुटलं.

आम्हाला शुक्रवारी परत फिरायचं होतं. पण मागे रस्ता दोन ठिकाणी वाहून गेला, त्यामुळे बारा दिवस मावशीच्याच घरी अडकलो. पाऊस चालूच. लोक येत, सूप आणत, चहा पीत, मावशीच्या गोष्टी सांगत. आई सगळ्यांशी बोलायची. माझ्याशीही बोलायची, पण गरजेपुरतं. गोळ्या कुठे आहेत, खिडकी लाव.

सातव्या की आठव्या दिवशी आम्ही दोघीच घरात असताना मी चुलीपाशी बसून म्हटलं, "आई, त्या दिवशी काठावर मी बोलले ते..."

"खरं बोललीस," ती म्हणाली.

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचं होतं. आणि खरंच होतं. मी गाडीत बसल्यापासून तेच म्हणत होते मनात. तू म्हटलंस तेव्हा वाटलं, आता हे दुसऱ्याच्या तोंडून निघालं म्हणजे पुसायचं नाही." तिने लाकूड पुढे सारलं. "मला राग नाही आयलीन. पण तू सारखी माफी मागू नकोस. मग मला तुला माफ करावं लागतं, आणि आत्ता माझ्यात तेवढं बळ नाही."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रस्ता उघडल्यावर ती माझ्याबरोबर आली नाही. मी इथेच राहते, म्हणाली. बर्थाला फर लावायला शिकवायचंय, क्लॅरेन्सचा हात बरा होईपर्यंत लाकडं कोण फोडणार ते बघायचंय. तिला स्वतःला धड उभं राहता येत नव्हतं. मी वाद घातला नाही. सपातांचं पुडकं तिच्या उशाशीच होतं. तिची औषधं डब्यांत वाराप्रमाणे लावून दिली, दवाखान्यातल्या नर्सला नंबर दिला आणि निघाले.

पीलवर पोचले तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं. काठावर चिखलाचा जाड थर आणि कुठूनकुठून आलेली झाडं पडलेली. फेरीवर माझी एकटीचीच गाडी होती. दोर सोडणारा माणूस काचेशी वाकून म्हणाला, "म्हातारी राहिली वाटतं मागे?"

"राहिली," मी म्हटलं.

"पुढे हवामान खराब आहे हां," तो म्हणाला. "खिंडीत सांभाळून जा." आणि त्याने मला पलीकडे उतरवलं.